पाचापैकी तीन

बर्फाशी माझा संबंध रसवंतीगृहातल्या ग्लासापलीकडे कधी गेला नव्हता. तरीही २०२५च्या फेब्रुवारीत, साठी उलटल्यावर, मी गुलमर्गला जवळजवळ ४,००० मीटर उंचीवर अफरवतच्या माथ्याजवळ उभा राहून एका माणसाला बर्फात खड्डा खणताना पाहत होतो आणि तो कोणाच्या मापाचा आहे याचा अंदाज घेत होतो.

हे सगळे भाच्यामुळे. त्याला स्कीइंगचे वेड. तेही चारचौघांसारखे आखलेल्या उतारावर नाही. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर उतरायचे आणि जिकडे कोणी जात नाही त्या अंगाने घसरत खाली यायचे! "दादा, लक्ष ठेव हं," म्हणून बहिणीने मला बरोबर धाडले. घसरणाऱ्या माणसावर मामाने कसे लक्ष ठेवायचे, हे काही ती बोलली नाही.

सकाळीच धोक्याचा अंदाज कळला होता. हिमस्खलनाच्या धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. त्या दिवशी तिसरी होती.

"पाचापैकी तीन म्हणजे साठ टक्के," मी भाच्याला म्हणालो, "आमच्या वेळी साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास मिळायचा. जा बिनधास्त!"

गाइडने माझ्याकडे पाहिले. जगभर कितीतरी माणसे या तिसरीतच जातात, असे तो शांतपणे म्हणाला. चौथी-पाचवी असली की लोक घाबरून घरी बसतात. तिसरीला त्यांना माझ्यासारखे मामा भेटतात. (हे शेवटचे तो बोलला नाही. नजरेत होते.) २०२३च्या १ फेब्रुवारीला याच डोंगरावर दोन पोलिश स्कीअर हिमाखाली गेले, हेही त्यानेच सांगितले.

तर खड्डा. छातीइतका झाल्यावर त्याने आतली भिंत हाताने साफ केली. बर्फ म्हणजे एकजात पांढरा गोळा अशी माझी समजूत. इथे तर चिरोट्यासारखे पदर! दर हिमवर्षावाचा वेगळा. वरचा जाड, घट्ट, देखणा. आणि तळाशी चक्क रेशनची साखर. मूठ भरून दाबली तरी लाडू वळेना. हिवाळ्याच्या सुरुवातीला पातळ बर्फ पडतो, खालची जमीन त्या मानाने उबदार, वर हवा कडाक्याची. या ओढाताणीत कणांचे असे सुटे दाणे होतात आणि कोणी कोणाला धरत नाही. वर कितीही भारदस्त थर बसो, तो बसलेला साखरेवर. (आमच्या सोसायटीचे बांधकामही याच पद्धतीचे आहे, पण ते असो.)

मग त्याने फूटभर लांबी-रुंदीचा एक खांब कापून सुटा केला, वर फावड्याचे पाते ठेवले आणि थापा मारायला लागला. दहा मनगटातून, दहा कोपरापासून, दहा खांद्यापासून, अशी रीत. मनगटाच्या दहा झाल्या. काही नाही. भाचा माझ्याकडे बघून हसला. कोपराची दुसरी थाप पडली आणि वरचा अख्खा ठोकळा, टेबलाचा खण ओढावा तसा, सर्रकन माझ्या बुटांवर आला.

कोणी हसले नाही.

"पण तिकडे कुणीतरी काल गेल्याच्या खुणा आहेत की!" भाचा म्हणाला.

"उनको भी नहीं पता था," गाइड म्हणाला आणि त्याने उतार मोजला. सदतीस अंश. तीस ते पंचेचाळीस हा वाईट उतार. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही. सदतीस म्हणजे आमच्या जुन्या वाड्याचा जिना, ज्यावरून मी दोनदा गडगडलो आहे. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बरीच आशा. पुढे ती झपाट्याने ओसरते. मला पंधरा मिनिटांत स्वतःचा चष्मा सापडत नाही. आणि सकाळी 'जा बिनधास्त' मीच म्हणालो होतो.

गोंडोलातूनच खाली आलो. दुसऱ्या दिवशी पाहतो तर उतार जागच्या जागी! "बघा मामा!" भाचा म्हणाला. गाइडही पाहत होता, पण ओशाळला वगैरे मुळीच नव्हता.

रात्री बहिणीचा फोन आला. "काय रे, केलीस ना मजा?"

"खड्डा खणला," भाचा म्हणाला.

"खड्डा? एवढे पैसे भरून? दे बघू दादाकडे फोन!"