कड्यावरचे बिनव्याजी भांडवल

अमेरिकेतील ऑरेगन आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांच्या सीमेवरून कोलंबिया नदी वाहते. कॅस्केड पर्वतरांग चिरून तिने कोरलेली घळ सुमारे १३० किलोमीटर लांब आहे. जवळच्या पोर्टलंड परिसरात संगणक क्षेत्रात नोकरी करणारी अनेक मराठी कुटुंबे राहतात. मायदेशाहून आलेल्या आईवडिलांना मुले हौसेने या घळीकडे घेऊन जातात.

उत्तर तीरावरील ‘केप हॉर्न’ ही तेथील एक आवडती पायवाट. पूर्ण फेरी सुमारे ११ किलोमीटरची आणि चढ साधारण ४०० मीटरचा. रोज फिरण्याची सवय असलेल्या साठीतील माणसास दमवणारी, परंतु झेपणारी. एप्रिलमध्ये वाटेच्या दुतर्फा रानफुले उमलतात. तीन पाने आणि तीन शुभ्र पाकळ्यांचे ट्रिलियम, झुंबरासारखी लोंबणारी गुलाबी ‘ब्लीडिंग हार्ट’, निळा-जांभळा लार्कस्पर. ट्रिलियमच्या बियांचा प्रसार मुंग्या करतात आणि बी रुजल्यापासून पहिले फूल येण्यास सात किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. ते पानांसकट खुडले, तर कंदाचे पोषण तुटते. इतक्या दीर्घ मुदतीची ठेव क्षणभराच्या हौसेसाठी मोडू नये, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

चढ संपला की कड्यावरून नदीचे विशाल पात्र एकाएकी समोर उलगडते. काळे कातळ पाहून महाराष्ट्रातील माणसास सह्याद्रीची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच. दोन्ही ठिकाणचा खडक बेसॉल्टच आहे, लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. दख्खनचा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर येथील बहुतांश १.७ ते १.५ कोटी वर्षांपूर्वीचा.

एका एप्रिलअखेरीस सोलापूरकडील एक कापड व्यापारी मुलासोबत या कड्यावर पोहोचले. गावाबाहेर टेकडीच्या उतारावर त्यांची आणि धाकट्या बंधूंची चार एकर सामाईक जमीन होती. प्लॉट पाडण्यासाठी तिला चांगली किंमत येत होती आणि बंधू उत्तराची वाट पाहत होते. कड्यावरील दगडी बैठकीवर विसावताना त्यांनी मुलास विचारले, “एवढ्या मोक्याच्या जागी कोणी बंगले कसे बांधले नाहीत?”

बंगल्यांचा बेत खरोखरच झाला होता. येथे १६ भूखंड पाडण्यात आले होते. घळीच्या रक्षणासाठी १९८० मध्ये संस्था उभारणाऱ्या नॅन्सी रसेल आणि त्यांचे पती ब्रूस यांनी एका भूमी-न्यासास तीन लाख डॉलर बिनव्याजी कर्जाऊ दिले. त्यातून १२ भूखंड विकत घेण्यात आले. ज्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत बँकांचे व्याजदर वीस टक्क्यांच्याही वर गेले होते, त्याच दशकातील ही गोष्ट. १७ नोव्हेंबर १९८६ रोजी घळीस संरक्षण देणारा कायदा झाला. पुढे कड्यावर उभे राहिलेले घरही विकत घेऊन उतरवण्यात आले. रसेल यांचे २००८ मध्ये निधन झाले. २०११ पासून ती दगडी बैठक त्यांच्या नावाने ओळखली जाते.

“म्हणजे व्याज कोणाला मिळाले?” वडिलांनी विचारले. मुलाने उत्तर दिले नाही. शेजारी एक वृद्ध स्त्री काठी टेकून नदी पाहत होती आणि दोन लहान मुले खाऊचा डबा उघडत होती.

पुढे उतारावर वाट बंद असल्याचा फलक लागला. खालच्या कड्यावर बहिरी ससाणे घरटी करतात, म्हणून फेरीचा तो भाग १ फेब्रुवारी ते १५ जुलै बंद असतो. डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन हा पक्षी अमेरिकेत नामशेष होऊ लागला होता. प्रदीर्घ प्रयत्नांनंतर १९९९ मध्ये तो धोक्यातील प्रजातींच्या यादीतून बाहेर आला. फलकापाशी पहारेकरी नव्हता. तरीही लोक तो वाचून मुकाट्याने माघारी वळत होते. व्यापाऱ्यांनीही अर्धीच फेरी पदरात घेतली.

त्याच संध्याकाळी त्यांनी बंधूंना दूरध्वनी केला. व्यवहार मोडला नाही. घरच्या कर्जाचा भार खरा होता आणि बंधूंच्या मुलीचे शिक्षणही. मात्र मोजणीच्या नकाशात टेकडीवर जाणारी जुनी पाऊलवाट आणि माथ्यावरील अर्धा एकर विक्रीतून वगळावे, असे त्यांनी सुचवले. “त्याचे पैसे किती कमी होतील?” बंधूंनी विचारले. त्यांनी आकडा सांगितला. तो लहान नव्हता. “माझ्या हिश्श्यातून धर,” ते म्हणाले, “आणि खर्चात मांडू नकोस. ठेवीत मांड.”