उकाळ्याचे पाणी आणि कॉफीचे यंत्र

वसई रोड-दिवा मार्गावरील जूचंद्र येथील एका व्यापारी कुटुंबात सुनेने आणलेल्या कॉफीच्या यंत्राने आठ महिन्यांतच घुरघुर सुरू केली. कॉफी थेंबथेंब उतरू लागली, तीही कोमट. इमारतीत टँकरचे आणि कूपनलिकेचे पाणी येते. तेव्हा दोष यंत्राचा नव्हता. अशा जड पाण्यात कॅल्शियमचा क्षार विरघळलेला असतो. पाणी तापले की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेला चुना नळीच्या आतल्या अंगाला चिकटतो.

हा चुना आम्लात विरघळतो. व्हिनेगरचे नाव निघताच सासूबाईंनी नकार दिला. आंबवलेला पदार्थ त्यांच्या स्वयंपाकघरात येत नाही. मग सुनेने लिंबाच्या फुलाची पुडी काढली. नाव लिंबाचे, रूप साखरेचे, त्यामुळे वस्तू निर्दोष वाटते. 1784 साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने हे आम्ल खरोखरच लिंबाच्या रसातून वेगळे केले होते. परंतु साखरेवर वाढणाऱ्या काळ्या बुरशीपासून ते मुबलक मिळते, हे जेम्स करी यांनी 1917 साली दाखवले आणि आज बाजारातील बहुतेक माल त्याच मार्गाने तयार होतो. तयार स्फटिकांत बुरशी उरत नाही, हे सुनेचे म्हणणे बरोबर होते. ते बनविताना अनंतकाय जीवांची हिंसा होते, हे सासूबाईंचे म्हणणेही खोडून काढण्याजोगे नव्हते. किराण्याचा व्यापार करणाऱ्या घरात हा प्रश्न यंत्रापुरता राहत नाही. हीच पुडी त्यांच्या दुकानातून वर्षानुवर्षे विकली जात होती.

शेवटी लिंबेच आणली. रसात हे आम्ल शंभरात पाच-सहा भाग असते; म्हणजे मोठ्या चमचाभर पुडीचे काम करावयास पंधरा-वीस कागदी लिंबे पिळावी लागतात. रस दुहेरी कापडातून गाळला, कारण गराचा कण नळीत अडकला तर दुखणे वाढते. रस-पाण्याचे मिश्रण अर्धे उतरल्यावर यंत्र बंद करून अर्धा तास थांबायचे, मग उरलेले सोडायचे आणि नंतर तीनदा साधे पाणी. गरम पाणी मोरीत ओतायचे नाही, हा घरचा नियम. ते निवल्यावर कोरड्या जागी परठवले गेले.

खरा उपाय मात्र शेगडीवरच होता. सासूबाई रोज पाणी गाळून तीन उकाळे येईपर्यंत उकळतात. पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच, अशी त्याची मुदत ठरलेली. त्या पातेल्याच्या तळाशी जी पांढरी पूड बसते, तोच हा नळीतला चुना. वरचे पाणी अलगद ओतून घेतले की ते बरेच मृदू झालेले असते. मुदतीच्या आत तेच पाणी यंत्रात घालण्याचा क्रम सुनेने सुरू केला. उकळूनही न जाणारा क्षार असतोच, त्यामुळे सफाई अजिबात टळली नाही. पण यंत्र पुन्हा कुरकुरेपर्यंत दिवाळी उलटली.

पुडी दुकानात ठेवावी की नाही, यावर सासरे आणि मुलगा यांची बोलणी अद्याप चालू आहेत.