नाठी

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण परवा स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीच्या मंडळाच्या वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन हिंडताना दोन दारांत ऐकली, आणि तेव्हापासून तिच्यातला शेवटचा शब्द माझा पिच्छा सोडीत नाही. बोलणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. म्हातारपणी हे व्हायचेच, त्यासाठी मंडळ कशाला, एवढाच त्यांचा भाव. आपल्या देशात साठीपुढील सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले असल्याचा अंदाज आहे. म्हणजे शंभरांत सात-आठ. उरलेल्या नव्वदांहून अधिकांची बुद्धी शाबूत असताना म्हणीने साऱ्या वार्धक्यालाच हा व्याधी वाटून टाकावा, आणि सर्वांचा म्हणून तो कुणाचाच राहू नये, हे मला सलते.

'नाठी' म्हणजे नष्ट. पण पाणिनीय धातुपाठात 'नश्' धातूचा अर्थ 'अदर्शन', म्हणजे दिसेनासे होणे, असा दिला आहे. आणि पाणिनीने 'लोपा'चीही व्याख्या अदर्शन हीच करून, प्रत्यय लोपला तरी त्याचे कार्य होतच राहते, असे पुढे सांगितले. प्रथमेचा प्रत्यय गळाला तरी शब्दाचे पदत्व जात नाही. व्याकरणाची ही करुणा मला विद्यार्थिदशेत कधी जाणवली नव्हती.

आमचे अण्णा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. त्या संध्याकाळी पावतीपुस्तक त्यांच्यापुढे पडले, तेव्हा त्यांनी कार्बन नीट सारखा केला आणि "आपलं नाव?" असे मला, आपल्या मुलाला, अदबीने विचारले. मी सांगितले. त्यांनी ते बिनचूक लिहिले. खाली 'अक्षरी रुपये अकरा फक्त' असे लिहून, मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून, उरलेल्या जागेवर आडवी रेघ ओढली आणि पावती माझ्या हाती दिली.

या रेघेत मी प्रत्ययाचे कार्य पाहतो खरा. पण अण्णा रात्री दोन वाजता कचेरीला निघतात म्हणून दाराला खाट लावून निजणाऱ्या आईला या सूत्राने घटकाभर झोप मिळत नाही. ती मिळते मंडळाने पाठविलेल्या सेविकेमुळे, आणि सेविकेचा पगार वर्गणीतूनच निघतो.

21 सप्टेंबरच्या, जागतिक अल्झायमर दिनाच्या, सभेत अण्णांनी व्यासपीठावर बसून अशीच एक पावती लिहावी, लोकांचे मन द्रवेल, असे मंडळाचे म्हणणे आहे. 1992 साली केरळात या व्याधीसाठी संस्था उभी राहिली, तेव्हाही कुणीतरी आपल्या घराचे दार असेच उघडले असणार. मी अण्णांना घरातच ठेवले, तर त्यांचे अदर्शन मीच घडवतो. चारचौघांत नेले, तर ज्यांनी अपुरे दप्तर कधी वरिष्ठांपुढेही जाऊ दिले नाही, त्यांचे अपुरेपण त्यांच्या रुकाराविना रुजू करतो. आई म्हणते, "तू ठरव." तिचा होकार आहे की थकवा, हेही मला कळत नाही.

उत्तराची मुदत रविवारपर्यंत आहे. पावती माझ्या खिशात आहे. तिच्यावरचे अकरा रुपये मंडळात भरायचे अजून राहिले आहेत.