गाडी किती देते?

महाराष्ट्रात नवी गाडी दारात आली की रंगाचं कौतुक नंतर आणि पेढेही नंतर. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती देते?" काय देते, हे विचारणारा सांगत नाही आणि ऐकणारा विचारत नाही. दुभत्या म्हशीची करावी तशीच ही चौकशी. लिटरला किती किलोमीटर, याला आपण 'ॲव्हरेज' म्हणतो. आम्हाला अमेरिकेत येऊन वीसेक वर्षं झाली. एम.एस. झालं, नोकरी लागली, लिटरचे गॅलन आणि किलोमीटरचे मैल झाले, प्रश्न मात्र तोच राहिला. मंडळाच्या गणपतीला पार्किंग लॉटमध्ये दोन मराठी माणसं नव्या गाडीभोवती उभी दिसली, तर त्यांचं काय चाललंय हे काच खाली न करताही सांगता येतं.

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या वायव्येला नोव्हाय इथे राहतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही एक नवी छोटी गाडी घेतली, ती आमच्या कन्येसाठी. तिचं कम्युनिटी कॉलेज आणि संध्याकाळच्या कामाचं औषधांचं दुकान, दोन्ही घरापासून साडेतीन मैलांवर. गाडीत तिने स्वतःच्या कमाईचे बाराशे डॉलर घातले होते, तेव्हा गाडी तिचीच. गाडीचं नाव इथे सांगत नाही, कारण हे पुराण त्या गाडीचं नाहीच. काचेवर चिकटवलेल्या कागदावर आकडे होते ते असे: गावात गॅलनला ३१ मैल, हायवेवर ४१ आणि एकत्रित ३५.

तेव्हा आमचे आप्पा सांगलीहून आलेले होते. त्यांची सगळी नोकरी एस.टी.च्या डेपोत गेली. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणजे ३५ चे होतात लिटरला जेमतेम १५ किलोमीटर. "काय रे, एवढीशी गाडी आणि पंधरा? आपल्या शेजाऱ्यांची बावीस देते." आम्ही सांगितलं की शेजाऱ्यांच्या गाडीचं इंजिन बाराशे सीसीचं आणि हिचं दोन हजारांचं. शिवाय ते बावीस ज्या चाचणीतून आले, त्या भारतीय चाचणीत गाडी ताशी ९० किलोमीटरच्या वर जातच नाही आणि सरासरी वेग असतो ३२ च्या आसपास. आप्पा म्हणाले, "म्हणजे दोन्ही आकडे कागदावरचे. मग वही ठेव." आणि एक कोरी वही त्यांनी स्वतःच गाडीच्या कप्प्यात ठेवून दिली.

वहीची पद्धत सोपी. दर वेळी शक्यतो त्याच पंपावर, नळी पहिल्यांदा 'खट्' करून थांबेपर्यंत टाकी भरायची. मागच्या भरण्यापासून झालेले मैल भागिले आत्ता भरलेले गॅलन. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, कारण खट् कधी लवकर होतं, कधी उशिरा. चार-पाच टाक्यांची बेरीज धरायची. डॅशबोर्डवरचा आकडा पाहायला हरकत नाही, पण आमच्या गाडीत तो वहीपेक्षा सहा-सात टक्के खुशीत असतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरात चार टाक्या मिळून ३३ आले. कन्या शनिवार-रविवारी मैत्रिणींकडे ॲन आर्बरला जायची, म्हणजे थोडा हायवेही होता. सगळे खूश. नोव्हेंबरात आप्पा परत गेले आणि थंडी आली. जानेवारीत टाकी भरली तेव्हा २४८ मैलांना ९.९ गॅलन लागले. म्हणजे पंचवीस!

घरात खटला उभा राहिला. सौ. म्हणाल्या, "अहो, ही मुलगी गाडी पळवते. सिग्नल सुटला की निघते बंदुकीच्या गोळीसारखी." कन्या म्हणाली, "बाबा, साडेतीन मैलांत सहा सिग्नल आहेत. पळवू कुठे?" सौ.नी डीलरकडेही फोन केला. तिथल्या माणसाने अदबीने सांगितलं की कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलंच आहे, प्रत्येकाचा अनुभव वेगळा असू शकतो. सौ.चं समाधान झालं नाही. "इथे येऊन आपण एक गोष्ट शिकलो, छापलेलं असतं ते खरं असतं. मग हे काय?" कन्या दोन दिवस कामावर जाताना कुणाशी बोलली नाही. पेट्रोलचे पैसे फार नव्हते, पण आपल्यावर विश्वास नाही हे तिला लागलं होतं.

आम्ही अभियंते, पण पंपांचे. मोटारींचं ज्ञान बेताचंच. तरी तो छापील आकडा येतो कुठून, हे पाहणं भाग होतं. आणि तो येतो आमच्याच शेजारून. पर्यावरण संरक्षण संस्थेची, म्हणजे ईपीएची, मोटारींची प्रयोगशाळा ॲन आर्बरलाच आहे, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. बहुतेक चाचण्या कारखानदार स्वतःच करतात आणि ही प्रयोगशाळा त्यांतल्या काही गाड्या पुन्हा तपासते. गाडीची चाकं रोलरवर ठेवतात, गाडी जागच्या जागी धावते आणि चालक पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग कमी-जास्त करतो. पेट्रोल टाकीत मोजत नाहीत. धुरातून किती कार्बन बाहेर पडला, त्यावरून काढतात.

गावातल्या चाचणीचा सरासरी वेग ताशी सुमारे २१ मैल. हायवेच्या चाचणीचा ४८ आणि जास्तीत जास्त ६०. ही चाचणी १९७० च्या दशकातली. १९७४ पासून देशभर ५५ मैलांची वेगमर्यादा होती, ती १९९५ मध्ये उठली. आमच्या मिशिगनच्या हायवेवर आज ७० ची पाटी आहे आणि त्या पाटीला लोक किती मान देतात, हे वाचकांना सांगायला नको. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६५ चे ७५ केले की तो तेहतीस टक्क्यांनी वाढतो.

आकडे फार गोड येतात हे सरकारलाही कळलं होतं. १९८५ च्या मॉडेलांपासून गावच्या आकड्यातून दहा टक्के आणि हायवेच्या आकड्यातून बावीस टक्के सरसकट कापायला सुरुवात झाली. २००८ च्या मॉडेलांपासून आणखी तीन चाचण्यांचा परिणाम हिशेबात आला: एक ८० मैलांपर्यंत जाणारी, जोरात वेग घेणारी, एक ९५ अंश फॅरनहाइटच्या उन्हात एसी लावून, आणि एक २० अंशांच्या थंडीत. म्हणून आजचा कागद जुन्या कागदापेक्षा बराच खरा आहे. तरीही ती सरासरी आहे, आणि मिशिगनच्या जानेवारीत फक्त साडेतीन मैल जाणाऱ्या मुलीची ती सरासरी नव्हे.

थंडी काय करते? तेल घट्ट होतं. टायरमधला दाब दर दहा अंशांना साधारण एक पौंडाने उतरतो. हवा दाट होते. हिवाळ्यात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ऊर्जाही जरा कमी असते. आणि मुख्य म्हणजे इंजिन तापायच्या आत मुक्काम येतो. ऊर्जा खात्याचे आकडे असे आहेत: ७७ अंशांच्या मानाने २० अंशांना पेट्रोलची गाडी गावात सुमारे पंधरा टक्के कमी देते, आणि फेरी तीन-चार मैलांची असेल तर ही घट चोवीस टक्क्यांपर्यंत जाते. आमच्या गाडीचे गावातले ३१ घ्या, त्यातून चोवीस टक्के वजा करा. साडेतेवीस उरतात. कन्येने पंचवीस मिळवले होते. म्हणजे मुलगी गाडी नीटच चालवत होती.

मग आणखी एक गोष्ट उघड झाली. रोज सकाळी कन्या निघायच्या दहा मिनिटं आधी गाडी आपोआप सुरू झालेली असायची. स्वयंपाकघरातून रिमोटचं बटण दाबणारा हात आईचा होता. लेकीला गार सीटवर बसायला लागू नये म्हणून! उभ्या गाडीचं इंजिन तासाला पाव ते अर्धा गॅलन पितं. छोट्या इंजिनाचा पाव गॅलनच धरला तरी दहा मिनिटांत सुमारे ०.०४ गॅलन गेले, आणि पंचवीसच्या हिशेबाने साडेतीन मैलांची अख्खी फेरी ०.१४ गॅलनची. म्हणजे त्या फेरीच्या पेट्रोलातला चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग मायेपोटी जळत होता. हे वहीत मांडून दाखवल्यावर सौ. क्षणभर गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "दहा नाही, तीन मिनिटं करीन. पण काचेवरचा बर्फ वितळल्याशिवाय ती निघणार नाही." ते योग्यच आहे. काच स्वच्छ हवीच. इंजिनाला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायची गरज नसते, हळूहळू चालवलं की ते चालता चालता लवकर तापतं. बंद गराजमध्ये मात्र गाडी कधीही सुरू ठेवू नये, तो धूर जीव घेतो.

रविवारी आप्पांचा फोन आला. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्याकडे चालकाचं केपीटीएल बघायचे, दहा लिटरला किती किलोमीटर. पण आंबा घाटातून रत्नागिरीला जाणाऱ्या चालकाला मिरजेच्या सपाट रस्त्याचा आकडा दाखवून बोल लावायचा नसतो. आधी मार्ग बघायचा, मग माणूस. तिला सांग, आजोबा म्हणाले, तुझा मार्ग घाटाचा आहे."

आप्पांच्या या वाक्यावरून आम्हाला पुढचं सुचलं. मार्गच बदलला तर? घरात दुसरी गाडी आहे, आठ वर्षांची मिनीव्हॅन. सौ. तिच्यातून रोज ४४ मैल जाऊन-येऊन करतात, बहुतेक हायवेने. व्हॅन २१ देते, म्हणजे दिवसाला २.१ गॅलन. कन्येचे रोजचे ७ मैल, पंचवीसने ०.२८. दोन्ही मिळून २.३८. आता गाड्यांची अदलाबदल करा. छोटी गाडी हायवेवर थंडीतही ३६ देते: ४४ मैलांना १.२२. व्हॅन थंडीतल्या छोट्या फेऱ्यांत १४ वर येते: ७ मैलांना अर्धा गॅलन. एकूण १.७२. महिन्याचे वीस दिवस धरले तर तेरा गॅलन वाचले. तीन डॉलरच्या दराने चाळीस डॉलर. व्हॅनचा आकडा लाजिरवाणा झाला, पण घराचा खर्च उतरला.

इथेच या 'किती देते'ची खरी गोम आहे. ड्यूक विद्यापीठातल्या लॅरिक आणि सॉल या दोन संशोधकांनी २००८ साली 'सायन्स' नियतकालिकात हे दाखवून दिलं. दहा हजार मैलांसाठी १५ ची गाडी काढून २० ची घेतली तर १६७ गॅलन वाचतात. ३५ ची काढून ४५ ची घेतली तर फक्त ६३. आपल्याला मात्र दुसरी उडी मोठी वाटते. म्हणून २०१३ च्या मॉडेलांपासून काचेवरच्या कागदावर १०० मैलांना किती गॅलन लागतात हेही छापतात. आमच्या कागदावर २.९ आहेत. गाडी किती देते यापेक्षा किती पिते हे विचारलं, की हिशेब सरळ होतो.

कन्येची समजूत काढणं मात्र गणिताने जमण्यासारखं नव्हतं. स्वतःचे बाराशे डॉलर घातलेली नवी गाडी आईला देऊन कॉलेजात मिनीव्हॅनमधून उतरायचं! शेवटी तह झाला: डिसेंबर ते मार्च, सोमवार ते शुक्रवार अदलाबदल. शनिवार-रविवार आणि उरलेले आठ महिने गाडी तिची. वाचलेले चाळीस डॉलर दरमहा तिच्या खात्यात. आणि 'पळवते' हा शब्द घरात पुन्हा उच्चारायचा नाही. हे शेवटचं कलम तिने स्वतः घातलं आणि सौ.नी विनातक्रार मान्य केलं.

आता सौ.च्या प्रश्नाचं उत्तर. छापलेलं खरं असतं का? २०१२ च्या नोव्हेंबरात ईपीएने जाहीर केलं की ह्युंदाई आणि किया यांच्या सुमारे नऊ लाख गाड्यांवरचे आकडे फुगलेले होते. कंपन्यांना ते खाली आणावे लागले आणि मालकांना भरपाई द्यावी लागली. तपासाची एक सुरुवात ग्राहकांच्या तक्रारींतून झाली होती. म्हणजे कागद डोळे मिटून मानू नये आणि रागाने फाडूही नये. दोन गाड्यांची तुलना करायला तो उत्तम. आपल्या घराचा आकडा मात्र आपणच काढायचा. तक्रार करायची वेळ आली तरी हातात वही हवी.

एप्रिलमध्ये गाडी पुन्हा कन्येकडे गेली. पहिल्या तीन टाक्या मिळून ३२ आले. टायरची हवा ती महिन्यातून एकदा स्वतः तपासते. दर पौंडाला फरक फक्त ०.२ टक्के, पण चारही टायर आठ-आठ पौंडांनी बसले असतील तर दीड टक्का जातो. वाचकांनी आपापले आकडे जरूर कळवावेत. फक्त 'किती देते' एवढंच नको. रोज किती मैल, कोणत्या महिन्यात आणि सकाळी रिमोटचं बटण कोण दाबतं, हेही लिहावं.