थापाड्या

आजी त्याला थापाड्या म्हणायची, तेही कौतुकाने. ओढ्यापलीकडे तरस दिसलं, शाळातपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गात फक्त यालाच गणित घातलं, असलं काहीबाही तो रोज घेऊन यायचा. ताक घुसळता घुसळता आजी सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, ‘लोणकढी!’ लोणी कढवून काढलेलं ताजं तूप ते लोणकढं. थापही तशीच, आत्ता केलेली. काकांच्या लेखी मात्र तीच ‘भाकडकथा’ असे. दूध आटलेल्या म्हशीसारखी, जिच्यातून काहीच निघायचं नाही.

थाप मोठी गमतीची. पाठीवर पडली तर शाबासकी, ढोलकीवर पडली तर ठेका. मारली की खोटं!

कॉलेजात इतिहास घेतल्यावर त्याला मोठे थापाडे भेटले. ‘बखर’ हा शब्द अरबी ‘खबर’मधली अक्षरं उलटसुलट होऊन आला, असं मानतात. खबर द्यायला बसलेले बखरकार मात्र रंगात आले की संवाद रचत, आकडे फुगवत. इतिहासकार राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात पानिपतच्या काळातली अस्सल पत्रं छापली आणि प्रस्तावनेत बखरींच्या चुका काढल्या. इतिहासापुरतं ते योग्यच होतं. पण ‘भाऊसाहेबांची बखर’ तिच्या गद्यासाठी लोक अजून वाचतात. त्याचाही जीव तिच्यातच रमला.

पुढे नोकरीनिमित्त तो इंदूरला गेला. आपण गप्पिष्ट आहोत, असं त्याने पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं आणि कचेरीने त्याला ‘गप्पी’ ठरवलं, म्हणजे फेकाड्या. फारसीत ‘गप’ म्हणजे नुसतं बोलणं. मराठीत त्याच्या निरुपद्रवी गप्पा झाल्या, हिंदीत गप म्हणजे थाप. उलट, संस्कृत ‘वार्ता’पासून आलेली ‘बात’ हिंदीत साधी सरळ. मराठी माणूस ‘बाता मारतो’ म्हटलं की त्याची अब्रू गेलीच.

‘तो मी नव्हेच’ त्याने इंदूरच्याच मराठी मंडळींबरोबर पाहिलं. माधव काझी नावाच्या भामट्याच्या खटल्यावरून अत्र्यांनी लिहिलेलं हे नाटक 1962 साली रंगभूमीवर आलं. फिरत्या रंगमंचावर नट पणशीकर पाच रूपांत यायचे आणि प्रेक्षक त्या लफंग्याच्या सफाईला टाळ्या द्यायचे. त्यानेही दिल्या. पण लग्नाच्या नावाखाली बायकांना लुबाडणाऱ्याला थापाड्या म्हणायला कुणाची जीभ वळेना. तसल्या माणसासाठी मराठीने त्या नाटकातूनच नाव उचललं: लखोबा.