कळसूची अट

मैत्रिणींनो, नवरात्रात घर सोडून डोंगर चढायला कोण जातं, असं तुम्ही म्हणाल. घटाची माळ, नैवेद्य, उपासाचे पदार्थ, हळदीकुंकू; आपल्याला मान वर करायला फुरसत नसते. पण गेल्या नवरात्रातल्या रविवारी आमच्या शाळेतल्या आम्ही तिघीजणी घोटीमार्गे बारी गावी गेलो आणि कळसूबाई चढू लागलो. महाराष्ट्रातलं हे सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. पाऊस नुकताच सरलेला. उतारावर सोनकीची पिवळी फुलं अशी, की कुणी हळदीचा डबाच लवंडला असावा!

कड्यांवर लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. पहिलीच शिडी पाहून माझे पाय लटपटले. “तुम्ही जाऊन या,” म्हणत मी दगडावर बैठक मारली. तेवढ्यात खालून बांगड्या वाजल्या. सात-आठ बायका, नऊवारीचा काष्टा, पाय अनवाणी, हातात पूजेचं सामान. नवरात्रात आसपासच्या गावांतून माणसं देवीला येतात, त्यातल्याच या.

एक साठीच्या मावशी थांबल्या. “बाई, देवीच्या दारातून माघारी फिरता व्हय? माझ्या मागं या. खाली बघू नका, माझ्या टाचांकडं बघा.”

त्या भेगाळलेल्या टाचांवर नजर ठेवून मी एकेक शिडी चढले.

सपाटीवर सगळ्याजणी टेकलो. आमचे राजगिऱ्याचे लाडू त्यांना, त्यांची उकडलेली रताळी आम्हाला. मग मावशींनी गोष्ट सांगितली. कळसू ही कोळ्याची पोर. पायथ्याच्या गावात एका घरी कामाला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एके दिवशी घरातल्या कुणी तरी नेमकं तेच सांगितलं. तिनं निमूट काम उरकलं, डोंगर चढली आणि जन्मभर वरच राहिली. भांडी घासली ती जागा थाळेमेळ.

“बाई, तुमची काय अट हाय?” मावशींनी हसत विचारलं.

मला काही सुचेना. मागून एक तरणी म्हणाली, “आमाला तर कुणी इचारलंच न्हाई!” सगळ्या हसल्या, आम्हीसुद्धा. पण ते हसू लवकरच ओसरलं.

माथ्यावर देवीचं चिमुकलं देऊळ आहे. तिथून १९२६ साली बांधलेल्या भंडारदरा धरणाचं पाणी आणि अलंग, मदन, कुलंग हे किल्ले दिसतात. मावशींनी माझीही ओटी भरली.

तुम्हाला जायचं असेल, तर पावसाळा सरताच जा. पहाटे निघा, पाणी भरपूर घ्या, पकड असलेले बूट घाला आणि उजेड आहे तोवर खाली उतरा.

घरी आल्यावर मीही एक अट घातली: रविवारी रात्रीची भांडी मी घासणार नाही. यजमान नि मुलं आधी हसली. चार रविवार झाले, घासताहेत. कढईला थोडं तेल राहतं, पण मी बोलत नाही.

तुमची अट कोणती?