जात्यावर बसेल असं पात्र

चार वाचक एकत्र बसले की एक प्रश्न हमखास निघतो: पुस्तकातलं कोणतं पात्र तुम्हाला प्रत्यक्ष भेटायला आवडेल? उत्तरंही ठरलेली. कुणी ‘मृत्युंजय’मधला कर्ण म्हणतं, कुणी श्यामची आई, कुणी पांडुरंग सांगवीकर, दोन जुनी-जाणती माणसं असली तर चिमणराव आणि गुंड्याभाऊ. मग प्रत्येक जण आपण त्या पात्राला काय विचारू ते सांगत सुटतो. माझी तक्रार या शेवटच्या गोष्टीशी आहे. भेट म्हणजे मुलाखत, असं आपण न बोलता ठरवून टाकलेलं असतं. निदान परभणी जिल्ह्यातल्या वाचकाने तरी ते मानू नये, कारण न दिसणाऱ्या माणसाला भेटायचं कसं, याचा धडा याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या एका बाईने सुमारे सातशे वर्षांपूर्वी घालून दिला आहे.

जनाबाई गंगाखेडची, पण जन्म गेला पंढरपुरात दामाशेटींच्या घरी, नामदेवांच्या कुटुंबाची धुणीभांडी, दळणकांडण करण्यात. तिच्या अभंगांत विठ्ठल येतो तो कामाला. तो तिच्याबरोबर दळतो, शेण गोळा करतो, पाणी भरतो, तिची वेणीफणी करतो. जात्याची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातली खोच लगेच कळेल. खुंटा एक, त्यावर हात दोघींचे, समोरासमोर बसलेल्या. एकीने ओढायचं तेव्हा दुसरीने ढिलं सोडायचं आणि मधूनच जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी टाकायची. दोघींची लय जुळली नाही तर पीठ भरडं निघतं. अशा वेळी समोरच्याला ‘तुमच्या आयुष्याचं सार काय’ असं कुणी विचारत नाही. तरीही तासाभरात समोरचं माणूस जेवढं कळतं, तेवढं चहाच्या चार बैठकांत कळत नाही. जनीने देवाला पाहुणा केलं नाही, जोडीदार केलं. म्हणूनच तो तिच्या अभंगांत इतका जिवंत आहे.

यावर पहिला आक्षेप उघडच येईल: विठ्ठल म्हणजे काही कादंबरीतलं पात्र नव्हे. कबूल. भाविकाला तो खरा आहे, आणि मला त्या श्रद्धेत हात घालायचा नाही. मी उचलतो आहे ती फक्त भेटीची रीत. आणि ही रीत जनीपाशी थांबलीही नाही. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बायकांनी पुढे सीतेलाही याच रीतीने आपल्यात ओढून घेतलं. ओवीतली सीता महाकाव्याची नायिका कमी आणि शेजारच्या घरातली गांजलेली सून जास्त असते. तिचा वनवास गाताना बायका तिची बाजू घेतात, तिच्या सासरच्यांना बोल लावतात. हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांच्या प्रयत्नांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. पुस्तकवाचनाचे गट निघाले कालपरवा. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या बायका त्याच्या कितीतरी आधीपासून कथेतल्या माणसांना घरात घेत होत्या, आणि तेही दळण न थांबवता.

हीच कसोटी आपल्या आवडत्या पात्रांना लावून पाहावी. शिवाजी सावंतांचा कर्ण थोर खरा, पण त्याला विचारायचं काय उरलं आहे? तो, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण या सगळ्यांनी पानंच्या पानं आपापलं मन उघडं केलेलं आहे. त्यांच्या तोंडून आणखी काही काढून घेण्याची इच्छा म्हणजे पोट भरल्यावर पुन्हा ताट मागण्यासारखं. ‘कोसला’तल्या पांडुरंगाची अडचण निराळी. तोही स्वतःच बोलतो, भरपूर बोलतो. शिवाय आपल्याला भेटायला जमलेली ही मंडळी बघून तो त्यांची जी टर उडवेल, ती ऐकून घ्यायची तयारी किती जणांची असेल याची मला शंका आहे. (सखाराम गटणे मात्र नक्की येईल, वेळेच्या आधी येईल, आणि त्याला आवरणं हाच बैठकीचा विषय होऊन बसेल.) सांगायचं हे की जी पात्रं आपल्याला सर्वांत जास्त आवडतात, त्यांची भेट पुस्तकातच पुरेपूर झालेली असते.

भेटायची ओढ खरी लागावी ती कमी बोलणाऱ्या, काहीतरी करत असलेल्या पात्रांची. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त शेकूकडे बैल एकच असतो, तेव्हा त्याची बायको दुसऱ्या बाजूने जुवाला आपला खांदा देते. त्या बाईच्या वाट्याला कादंबरीत फार शब्द आलेले नाहीत, तरी पुस्तक मिटल्यावर ती नजरेसमोरून हलत नाही. तिच्याशी बोलायचं काय, हा प्रश्नच गैरलागू आहे. तिच्या शेजारी जाऊन जू धरावं, एवढंच सुचतं. त्या कादंबरीतला मास्तरही गावाला कळतो आणि गाव त्याला कळतं, ते असंच: लोकांची किरकोळ कामं करता करता आणि सगळ्यांच्या अंगमेहनतीतून तालीम उभी करता करता.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो, आणि तो वजनदार आहे. पात्र म्हणजे शेवटी वाक्यं. वाक्यांबाहेर त्याला अस्तित्व नाही, तेव्हा त्याला भेटण्याची कल्पना हा पोरखेळ. मला उलट वाटतं. हा खेळ नीट खेळला तर वाचनाची परीक्षा होते. चिमणराव तहसील कचेरीत जाऊन साहेबाशी भांडेल असं जो म्हणतो, त्याने चिमणराव वाचलेला नाही. भांडायला गुंड्याभाऊ जाईल, आणि त्यातून जो घोळ होईल तो निस्तरायला चिमणरावाला जावं लागेल. हे सांगता येतं ते चिं. वि. जोशींच्या वाक्यांच्या आधारावरच. पात्राला नव्या कामाला जुंपलं की आपण ते किती बारकाईने वाचलं, हे उघडं पडतं. नुसत्या गप्पांत ते झाकून जातं, कारण गप्पांत आपण आपलीच मतं पात्राच्या तोंडी घालतो.

तिसरी शंका खास इथली. सेलू तालुक्यातून आलेले आसाराम लोमटे आपल्या कथांत याच मातीतली माणसं उभी करतात. त्यांच्या ‘आलोक’ला 2016 चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. मग जी माणसं वेशीपाशी रोज दिसतात त्यांना पुस्तकातून भेटायचं कशाला? कारण दिसणं वेगळं. ओटी बांधून पऱ्हाटीच्या ओळीत वाकलेली बाई शेतमालकाला माहीत असते ती वेचणीच्या किलोवर. तिने आज किती भरलं आणि उद्या ती येणार की नाही, एवढ्यावर. जात, जमीन आणि उचल यांनी आखून दिलेल्या अंतरावरून तो तिला बघतो. कथा ते अंतर काही क्षण मोडते आणि त्याला तिच्या बाजूने ती ओळ बघायला लावते. कथेने गाव बदलतं असा माझा दावा नाही. पण बैठकीतल्या कुणी कथेतल्या अशा बाईला भेटावंसं वाटतं म्हटलं, तर त्याने आधी एक ओळ वेचून यावं, असं मी सुचवीन.

राहता राहिला परभणीतल्या वाचकांचा स्वतःचा हिशेब. बी. रघुनाथ निजामाच्या राजवटीत याच शहरात नोकरी करत होते, आणि 1953 मध्ये जेमतेम चाळिशीत ते इथेच गेले. त्यांच्या नावाचं सभागृह शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो तिथे नेऊन सोडतो. त्यांच्या ‘बाबू दडके’ आणि ‘आडगावचे चौधरी’ या कादंबऱ्यांतली माणसं मात्र, कोणाला भेटायला आवडेल या यादीत सहसा नसतात. पुढच्या बैठकीला कर्णाला सुट्टी द्या आणि वाचनालयातून ‘बाबू दडके’ काढून आणा.